गोकुळशेठच्या खळ्यावर निवडणं चालू आहे

बाबांच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैजापूरहून गोकुळशेठचा फोन आला. गोकुळशेठ कांद्याचे व्यापारी. त्यांच्याच खळ्यावर, कांदा निवडणाऱ्या बायांचे फोटो काढताना, बाबा गेले होते. मला वाटलं सांत्वनाचा फोन असेल, म्हणून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

“ताई, तुम्ही एकदा येऊन जा,” ते म्हणाले. “बाया थांबंनात.”

“कुठल्या बाया?”

“कांदा निवडणाऱ्या. भाऊंनी त्यांना सांगितलं होतं, मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाय. आता भाऊ तर गेले. ‘झालं’ म्हणायचं राहिलं.”

“मग तुम्ही म्हणा.”

“म्हणलो ना! लई वेळा म्हणलो. सारजाबाई म्हणती, शेठ, तुमचं झालं असंल.”

मी विचारलं, त्या तेव्हापासून कांदे निवडतायत का? ते म्हणाले, संध्याकाळी ताडपत्री टाकून घरी जातात, सकाळी डबा घेऊन परत येतात, आणि तेच कांदे निवडतात.

“तेच?”

“तेच. फोनवर नाय समजायचं. तुम्ही या.”

बाबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्त झाल्यावर रोजच, ते काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढत. कृष्णधवल, रिळाचा कॅमेरा, आणि रीळ धुवायला उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमधली न्हाणी. लहानपणी आम्हाला आंघोळीसाठी ताटकळावं लागे, कारण आत कोणीतरी गवंडी नाहीतर कोणीतरी लोहार तारेवर वाळत असायचा. देखाव्यांचे, लग्नांचे, नातेवाइकांचे फोटो त्यांनी काढले नाहीत. माझ्या बारशाचा फोटो आहे, पण त्यात मी नाही. पाळणा दुरुस्त करणारा सुतार आहे.

त्यांचे नियम दोनच होते. काम करणाऱ्यानं त्यांच्याकडे बघायचं नाही, आणि ते “झालं” म्हणेपर्यंत थांबायचं नाही. सुरुवातीला लोक हसत, मग त्यांना त्याची सवय होई. “झालं” ते हळू म्हणत. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तसं.

आईला मी फोनबद्दल सांगितलं. आदल्याच दिवशी घाटावर पिंड ठेवायच्या आत कावळा येऊन बसला होता. गुरुजींना त्याला हाकलून, पिंड नीट मांडून, पुन्हा बोलवावं लागलं. त्यामुळे बाबांचं काही राहिलेलं नाही याबद्दल सगळ्या नातेवाइकांची खात्री पटलेली होती.

“राहिलं म्हणजे काय, एक शब्द राहिला,” आई म्हणाली. “जा आणि म्हणून ये. आणि त्यांचा कॅमेरा तिथेच आहे ना? तोही आण.”

कॅमेरा तिथेच होता. ज्या दिवशी बाबांना जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं त्या दिवशी तो स्टँडवर होता, तसाच. त्याला हात लावायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

लासूरमार्गे जाणाऱ्या एसटीनं मी दुपारी वैजापूरला उतरले. खळं बाजार समितीच्या मागच्या रस्त्याला आहे. ते शोधावं लागलं नाही. रस्त्याच्या कडेनं कांद्यांचे छोटे छोटे ढीग मांडलेले होते, दोन-दोन, तीन-तीन कांद्यांचे, आणि एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून त्यांच्यामधून मागचं चाक कसं न्यावं याचा विचार करत होता.

“ओलांडून या, ताई, ओलांडून!” गोकुळशेठ शेडच्या दारातून ओरडले. “ढकलू नका कशालाबी. मला बोलणी बसत्यात.”

ते पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टातले, घामेजलेले गृहस्थ होते. मी साडीचा काठ उचलून ओलांडत गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, बाबांबद्दल दोन वाक्यं बोलले, आणि मग त्यांचा बांध फुटला.

साध्या व्यवहारात कांद्याच्या चार-पाच प्रती करतात. मोठा, मध्यम, गोल्टी म्हणजे बारका, चोपडा म्हणजे साल निघालेला, आणि उरलासुरला खराब माल म्हणजे खाद. बाबा आले त्या दिवशी दुपारपर्यंत निवडून जवळजवळ झालंच होतं. बाबा गेले, सगळा गोंधळ उडाला, आणि दुसऱ्या दिवशी बाया येऊन बसल्या. पण निवडायला काही शिल्लक नव्हतं. मग सारजाबाईनं मोठ्या कांद्यांचा ढीग पुढं ओढला आणि त्यातून लालसर वेगळे, फिके वेगळे असं सुरू केलं. लालसर झाल्यावर त्यातले चपटे निघाले. चपट्यांतले वाकड्या मानेचे निघाले.

“आणि आता?”

“आता तुम्हीच बघा. मी बोललो की मला म्हणत्यात, शेठ, तुम्हाला फरक कळत नाय. तीस वर्षं कांद्यात गेली माझी! मी एकदा भाऊंची टोपी घालून, कॅमेऱ्यामागं उभं राहून, त्यांच्या आवाजात ‘झालं’ म्हणलो.”

“मग?”

“सारजाबाई म्हणली, मेलेल्या माणसाची नक्कल करू नाय, तोंड वाकडं व्हतं.” त्यांनी नकळत जबडा चाचपला.

शेडमध्ये पत्र्याच्या फटींमधून ऊन येत होतं. आठ-नऊ बाया बसल्या होत्या, गुडघे वर, पदर डोक्याला गुंडाळलेले. त्यांच्याभोवती इतके ढीग होते की जमीन दिसत नव्हती. काही ढीग एकाच कांद्याचे होते. मधोमध एक जाड भिंगाचा चष्मा लावलेली म्हातारी होती, ती सारजाबाई. तिच्या शेजारी खाकी शर्टातला एक दणकट माणूस मांडी घालून निवडत होता.

“हे बाजार समितीचे वॉचमन, काकासाहेब,” गोकुळशेठ खालच्या आवाजात म्हणाले. “रस्ता अडवला म्हणून दम द्यायला आले होते. परवा.”

काकासाहेबांनी एक कांदा उजेडात धरला. “मावशे, हा रुसलेल्यात का झोपाळूत?”

“बघू,” सारजाबाई म्हणाली. “कुठला रुसलाय तो? त्याची मान वर हाय. झोपाळूत टाक.”

“मान वर हाय पण मन नाय त्याचं.”

“तुम्हाला कांद्याचं मन कधीपासनं कळायला लागलं, काकासाहेब? घरी बायकोचं कळंना,” चतुराबाई नावाची एक सडसडीत बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हात कोणाचेही थांबले नाहीत. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. शेडच्या एका टोकाला स्टँडवर बाबांचा कॅमेरा होता, त्यांच्याकडे तोंड करून, आणि त्याच्यामागे एक भरलेली गोणी. बाबा त्या गोणीवर बसले होते.

मी गोणीवर बसले नाही. बाजूला उभी राहिले.

“मी नीरजा,” मी म्हणाले. “लक्ष्मणरावांची मुलगी.”

“कळलं,” सारजाबाई म्हणाली, कांद्याकडे बघत. “नाक त्यांचंच हाय. ये, बाळा. तुला कायतरी सांगायचं हाय, पण हात चालू ठेवून सांगते. रागावू नको.”

“नाही रागावत.”

“भाऊ म्हणले, माझ्याकडं बघायचं नाय. आम्ही नाय बघितलं. ह्या पोरी चुळबुळ करत व्हत्या, मीच दटावलं. म्हणलं, बघू नका, फोटो खराब व्हईल त्यांचा. चहा आला तवा शेठ वराडला, तवा आम्ही बघितलं.” तिनं हातातला कांदा फिरवून बघितला. “किती वेळ झाला व्हता, कुणाला ठावं. आम्ही कांदेच बघत व्हतो.”

शेडमध्ये आता फक्त कांद्यांचा कोरडा आवाज होता.

“डॉक्टर म्हणाले की एका क्षणात झालं असणार,” मी म्हणाले. डॉक्टर तसं म्हणाले होते. सगळ्यांनाच म्हणत असावेत.

“त्ये डाक्टर. आम्ही त्यांचं पहिलं ऐकलं, तर दुसरंबी ऐकायचं. आता तू म्हण, मग आम्ही मोकळ्या. चतुराबाईच्या लेकीचं बाळंतपण हाय, तिला जायचंय. पण कुणीबी ऐऱ्यागैऱ्यानं म्हणलेलं चालायचं नाय.”

“ऐरागैरा!” गोकुळशेठ दारातून म्हणाले. “माझं खळं हाय!”

“म्हणा, ताई,” चतुराबाई म्हणाली.

एक शब्द होता. मी तोंड उघडलं. माझा घसा ठीक होता, मला रडूही येत नव्हतं. पण त्या दिवसांत माझ्याकडे अनेक शब्द आले होते आणि मी ते सगळे नीट वापरले होते. स्मशानात, नगरपालिकेच्या दाखल्यावर, दारात चपला काढणाऱ्या माणसांशी. “गेले” मी शेकडो वेळा म्हटलं होतं. हा शब्द मात्र त्यांचा होता. तो मी म्हटला की ते जे करत होते ते संपणार होतं. इथे, या एका पत्र्याच्या शेडमध्ये, जगातली एकमेव गोष्ट उरली होती जी बाबा अजून करत होते.

“मी आधी जरा बसते,” मी म्हणाले.

गोकुळशेठनी डोक्याला हात लावला. “घ्या! ह्याबी बसल्या!”

मी सारजाबाईशेजारी बसले. तिनं माझ्यापुढे एक पाटी सरकवली. कांदे कोरडे आणि हलके होते, हातात घेतले की वरची साल कागदासारखी कुरकुरायची. थोड्या वेळात मला रुसलेले आणि झोपाळू यांतला फरक दिसू लागला, हे मी कोणाला सांगितलं नसतं, पण दिसू लागला. माहेरवाशिणी गोल आणि तजेलदार होत्या. बाजारातून रिकाम्या हातानं परत आलेले, असा एक ढीग होता आणि तो अगदी बरोबर होता. गोकुळशेठ मला समजवायला म्हणून उकिडवे बसले, त्यांनी समजावता समजावता एक कांदा या ढिगातून त्या ढिगात टाकला, आणि सारजाबाईनं त्यांच्या हातावर चापट मारली.

“तो सावत्र हाय. त्याला हिकडं कुठं घालताय?”

“सावत्र कशावरनं?”

“तुमच्याकडं बघतोय कसा, बघा की!”

गोकुळशेठनी बघितलं. “व्हय,” ते हळूच म्हणाले, आणि तो परत ठेवला.

माझ्यासमोर एक ढीग तयार झाला होता. सारजाबाईनं चष्मा सरसावून विचारलं, “हे कुठले गं?”

मी बघितलं. ते कशामुळे एकत्र आले होते ते मला सांगता येईना. “माहीत नाही.”

“बरं. ठेव. माहीत नसलेल्यांचा ढीग नव्हता आपल्यात.”

उन्हाच्या तिरिपा सरकत भिंतीवर गेल्या. चतुराबाईच्या फोनवर तिच्या लेकीचा फोन आला. ती खांद्यानं फोन कानाशी धरून, दोन्ही हातांनी निवडत, “येते, येते गं, दम धर, त्यांची पोरगी आलीय, आता व्हईलच,” म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं. मी उठले.

कॅमेऱ्यामागे गेले आणि पहिल्यांदा त्या गोणीवर बसले. डोळा लावला. बाबांनी चौकट छान धरली होती. मध्ये सारजाबाई, तिच्या चष्म्यावर पत्र्यातून आलेलं ऊन, डावीकडे चतुराबाईचा पुढे आलेला हात. काकासाहेब चौकटीत नंतर शिरले होते, पण वाईट दिसत नव्हते. एकही बाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. लोकांनी आपल्याला विसरावं म्हणून बाबा तास तास वाट बघायचे, आणि या तर त्यांना इतक्या दिवसांपूर्वीच विसरल्या होत्या, किंवा विसरल्याचं त्यांनी इतकं मनापासून केलं होतं की फरक उरला नव्हता.

मी ठरवलं की निदान एक फोटो काढावा आणि मग म्हणावं. बाबांच्याच रिळावर, त्यांच्या फोटोंच्या पुढचा. मी रीळ पुढे सरकवायचा खटका ओढला.

रीळ आत असलं की खटका ओढताना कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूचं बटण फिरतं. मला हे सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. ते फिरलं नाही. मी दाबलं, पुन्हा ओढलं. नाही फिरलं. मी मागचं झाकण उघडलं. कॅमेरा रिकामा होता.

मग मला आठवलं, आणि आठवल्यावर मी विसरले कशी होते तेच कळेना. बाबा सुरुवातीला रीळ घालतच नसत. पहिला बराच वेळ माणूस काम करत नाही, कामाचं सोंग करतो, असं ते म्हणायचे. तेवढा वेळ ते रिकामा कॅमेरा दाबत बसायचे, खट खट, समोरच्याला त्या आवाजाचा कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की वळून, पाठमोरं होऊन, रीळ भरायचे. हे गुपित घराबाहेर कोणालाही माहीत नव्हतं. स्टँडला अडकवलेली त्यांची पिशवी मी उघडली. आत चार रिळं होती, चारही डब्यांची झाकणं बंद.

म्हणजे “झालं” म्हणायचं राहिलं नव्हतं. सुरूच व्हायचं राहिलं होतं.

“म्हणताय ना?” गोकुळशेठ कुजबुजले.

म्हणता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. पण बाबा फोटो आणून देत असत, प्रत्येकाला, कधी कधी वर्षभरानं, पण देत असत. सारजाबाईनं फोटो लावायला नक्कीच भिंत ठरवून ठेवली असणार.

“सारजाबाई,” मी म्हणाले, “यात रीळ नाहीये.”

“मंजी?”

“म्हणजे फोटो निघालेच नाहीत. एकही. ते आधी रिकामाच कॅमेरा दाबायचे, माणसं अवघडू नयेत म्हणून. रीळ घालायच्या आतच ते…”

हात थांबले. सगळ्यांचे, एकदम. कांद्यांचा तो कोरडा आवाज इतका वेळ चालू होता हे तो बंद पडल्यावर जाणवलं. ट्रॅक्टरवालाही दारातून डोकावला.

“मंजी,” सारजाबाई सावकाश म्हणाली, “आम्ही इतके दिस रिकाम्या डब्याला कांदे दाखवतोय?”

“हो.”

“आणि मागं आमच्या पुतण्याच्या ईटभट्टीवर आले व्हते, तवाबी पहिल्यांदा असंच?”

“तेव्हाही असणार.”

“सकाळधरनं पोरगं पोट आत घेऊन उभं व्हतं!” ती म्हणाली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ती रडतेय. ती हसत होती. मग चतुराबाई हसली, मग काकासाहेब, त्यांचं हसणं तर पत्र्याला आदळत होतं. “लई बेरकी माणूस!” कोणीतरी म्हणालं. “देवमाणूस दिसायचे, आणि बघा!” गोकुळशेठ एका ढिगावर बसले, ढीग फुटून कांदे घरंगळले आणि त्यांना कोणी काही बोललं नाही. मीही हसले. किती तरी दिवसांनी बाबांबद्दल नवीन काही ऐकल्यासारखं वाटलं, जरी ते मीच सांगितलं होतं.

“मग घाल की रीळ,” डोळे पुसत सारजाबाई म्हणाली. “तुला येतं का?”

“येतं.”

मी पाठमोरी झाले, बाबांच्या सवयीनं. मग परत वळले आणि त्यांच्यासमोरच रीळ भरलं. डावीकडचं बटण फिरलं. मी डोळा लावला, आणि बघितलं तर चौकटीतलं सगळं बिघडलं होतं. बाया ओळीत सरसावून बसल्या होत्या. चतुराबाईनं पदर नीट केला होता, काकासाहेबांनी टोपी सरळ केली होती, गोकुळशेठ केस चापून मागे उभे होते, ट्रॅक्टरवाला त्यांच्या बाजूला. सगळे सरळ भिंगात बघत होते. कोणाचाही हात कांद्यावर नव्हता.

“असं नाही,” मी म्हणाले. “काम चालू द्या. माझ्याकडे बघू नका.”

सारजाबाई हलली नाही. जाड भिंगांमागचे तिचे डोळे मोठे दिसत होते.

“मागल्या टायमाला नाय बघितलं,” ती म्हणाली. “आता बघणार.”

बाबांनी असा फोटो आयुष्यात काढला नव्हता. मी दाबलं. एक काढला, मग कोणी डोळे मिटले असतील म्हणून अजून एक. त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. मी गोणीवर नीट बसले आहे ना, माझा श्वास चालू आहे ना, याची जणू त्या सगळ्या मिळून खात्री करत होत्या.

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

“झालं,” मी म्हणाले.

कोणीही उठलं नाही.

“काय म्हणली?” पलीकडच्या कोपऱ्यातली एक बाई शेजारणीला विचारत होती.

“नीट आलं नाय ऐकू,” काकासाहेब म्हणाले.

“आमाला आलं,” सारजाबाई म्हणाली. “पर तिकडच्या पोरींना नाय आलं. मोठ्यानं म्हण, बाळा. बाहेर रस्त्यापत्तूर ढीग हायेत, तिथंबी दोघीजणी बसल्यात.”

मी उभी राहिले. स्टँडला धरलं. छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्यानं, रस्त्यापर्यंत जाईल असं, ओरडले.

आधी बाहेरच्या दोघी उठल्या. मग आतल्या, एकेक, गुडघ्यांवर हात देत, साड्या झटकत. चतुराबाई डबा घेऊन पळालीच. गोकुळशेठनी हमालांना हाक मारली, आणि ते रुंद फावडी घेऊन आत आले आणि कडेपासून सगळं मधे ओढायला लागले.